चाळीस पावलं

शनिवारी पहिलं काम, खुंट्या उपटायच्या.
पाणी आठ दिवसांत बावीस पावलं मागे गेलंय.
मी चपला काढून मोजतो,
चपलेनं पाऊल खोटं पडतं.
पाटकर सरांनी फलकावर रंगवून घेतलंय, 'पाण्याकाठी मुक्काम',
तेव्हा काठ जाईल तिकडे आम्ही जायचं:
चौदा तंबू, शेगड्या, कोळशाची पोती,
आणि ती दिव्यांची माळ, जिचे अर्धे दिवे लागत नाहीत.

मार्चात आम्ही करवंदीच्या जाळीपाशी होतो.
एप्रिलात मुरमावर.
आता चिखल वाळून कडेनं वर आलाय,
उन्हात विसरलेल्या पापडासारखा.
खुंटी ठोकली की अख्खी ढलपी हलते.
होड्या दोन्ही उपड्या, त्यांच्या सावलीत कुत्री.

पाहुणे आटगावहून चार वाजता येतात.
म्हणतात, काय मोकळं आहे!
आहे खरं.
एवढं मोकळं आम्हीही पाहिलं नव्हतं.
घोडबंदरच्या उंच इमारतीतला एक पोरगा,
इवान की कायसं नाव,
विचारतो, पाणी गेलं कुठे?
मी म्हटलं, तू आलास ना, तिकडेच.
तो बराच वेळ बोलला नाही.
मग हळूच, म्हणजे मी पिऊन टाकलं?
मला काही सुचेना.
भाजलेलं कणीस दिलं त्याला, मीठ जास्त लावून.

सातव्या तंबूची खुंटी आत जाईना.
खालून दगडाचा आवाज.
माती हातानं सारली तर जोत्याची ओळ,
सरळ, कोपऱ्यात वळलेली.
आंबीमावशी चुलीवरून उठून आली, हाताला पीठ तसंच.
पाहिलं तिनं, पायानं एक दगड चाचपला.
मला वाटलं आता रडते.
म्हणाली, इथं नको रे बाबा, हा हिंदोळ्यांचा गोठा,
बैल मुतायचे बरोबर या कोपऱ्यात.
आणि हसत सुटली, ठसका लागेस्तोवर.
तंबू तिथंच लागला.
त्यात नवं लग्न झालेलं जोडपं होतं,
सकाळी म्हणाले, झोप छान लागली.

पाड्यावर टँकर गुरुवारी येतो.
आला तर.
इकडे शहापूरहून जार येतात, वीस वीस लिटरचे,
झाकणाला निळं प्लास्टिक.
रविवारी दुपारी पाहुणे गेले की मी तंबू झाडतो.
उशाशी, चटईखाली, होडीच्या सावलीत
अर्ध्या राहिलेल्या बाटल्या.
एकेक उघडतो, हंड्यात ओततो,
हंडा मोटरसायकलला बांधून घरी.
बायको काही विचारत नाही, फडकं धरून गाळते.
थोरली रंजना, दहावीला आहे,
एकदाच म्हणाली, बाबा, आपलंच पाणी
एवढा फेरा घालून येतं होय?
आणि प्याली. तहान होती.

मावशीचं लक्ष मात्र विहिरीवर.
जुन्या गावाची विहीर अजून पाण्याखाली आहे,
त्या वाळक्या सादड्याच्या रेषेत, असं ती म्हणते.
धरण भरलं तेव्हा ती अकरा वर्षांची.
म्हणते, ती विहीर कधी आटली नाही,
वरचं हे सगळं आटलं ना, की तिचं वेगळं पाणी दिसेल,
गोड, आपलं.
पाण्यातलं पाणी वेगळं कसं राहील, मावशी?
ती माझ्याकडे बघते,
भाकरी उलटताना बघावं तसं, अर्धं लक्ष देऊन.

रोज संध्याकाळी मी त्या रेषेत उभा राहतो.
पाऊस लवकर यावा असं वाटतं.
आठ दिवस उशिरा आला तर,
असंही वाटतं,
आणि हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

काल सरांचा फोन आला.
महिनाअखेरचं बुकिंग फुल्ल आहे, तंबू कुठे लावणार?
म्हटलं, खाली, सादड्यापाशी.
किती खाली?
चाळीस पावलं.
तिकडे काय आहे बघण्यासारखं?
म्हटलं, सर, आवाज तुटतोय,
आणि फोन खिशात ठेवून
चपला काढल्या.